हिप्परग्याच्या बांधावर

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी
तलावाला पलीकडचा काठच नव्हता.
धुकं इतकं, की बांधावरून चालताना
चिप्पामामांची पाठ चार पावलांवर विरघळायची
आणि बिडीचा वास तेवढा पुढे जायचा.

डावीकडे दगडी उतार, शेवाळलेला.
खाली पाणी, कुणी चूळ भरावी तसं
थांबून थांबून वाजत होतं.

"समुद्र असाच असतो काय ओ?"
मी तीन वर्षं रत्नागिरीच्या बँकेत होते,
त्यामुळे समुद्राचे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात.
म्हटलं, असाच. फक्त खारट.
खोटं नव्हतं ते.
तिथल्या कड्यावर, पहाटे, शालीत हात खुपसून
मीही एवढंच पाहिलं होतं,
पांढरं, आणि पांढऱ्याच्या आत काहीतरी हलणारं.

मामांचे कान मागावर गेले.
बत्तीस वर्षं, अशोक चौकामागचा कारखाना,
एका पत्र्याखाली अठरा माग.
तो खडखडाट आत शिरला तो शिरलाच,
बाहेरचं काही यायला जागा उरली नाही.
त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहायचं,
ओठ नीट उघडायचे.
धुक्यात ते कुठलं जमायला?
म्हणून खांद्यावर बोट वाजवते :
एकदा, थांबा.
दोनदा, वर बघा.

मग आवाज आला.
पाण्याच्या मधूनच कुठूनतरी,
घोगरा, चिडका, घशात खडा अडकल्यासारखा.
एक. मग दोन. मग चांगलं भांडणच.
कुरव.

मी दोनदा बोट वाजवलं.
मामा कानटोपी मागे सारून वर बघत राहिले.
"काय म्हणतंय?"

समोर जाऊन, ओठ मोठे करून म्हटलं,
तेल न घातलेली रहाटाची फिरकी.
त्यांनी मान हलवली.
मागाच्या शेजारी फिरकी कुणाला ऐकू येते?
सायकलचा ब्रेक?
नाही.
राजमणीअक्का, नळावर, पाणी जायच्या वेळी?
ते इतके हसले की बिडी विझली.
"हां. कळलं."

दिसला मात्र आधी त्यांनाच.
मी आवाजाकडे डोळे लावून होते,
त्यांनी भलतीकडेच बोट केलं,
आणि तिथून, पिंजलेल्या कापसातून सूत ओढावं तसं
काहीतरी निघालं,
रुंदावलं, पंख झालं, लाल चोच झालं,
डोक्यावरून गेलं तेव्हा
पंखांची टोकं काळी, आणि काळ्यात पांढरे ठिपके.

उन्हाळ्यात ह्याचं डोकं तपकिरी असतं, मी सांगितलं,
तिकडे लडाखात, अंडी घालायच्या दिवसांत.
इकडे येताना तो रंग उतरवून येतो.
कानामागे एक डाग तेवढा राहतो,
तीट लावल्यासारखा.

"लावणारच की," मामा गंभीरपणे म्हणाले.
"केवढा लांबचा प्रवास."

साडेआठला धुकं उचललं.
आधी बाभळी आल्या, मग एक होडी, उलटी घातलेली,
मग तुळजापूर रस्त्यावरचे ट्रक,
ढाब्याची पाटी, विजेचे खांब.
काठ होता तिथेच होता.
"गेला तुमचा समुद्र," मामा म्हणाले,
आणि चादरीच्या जुन्या लेबलामागे
पेन्सिलीने आकडा लिहिला : एकेचाळीस.
मी कानांनी मोजले होते ते नऊ.

सायकलींकडे परतताना
माझ्या खांद्यावर दोनदा बोट वाजलं.
मी वर पाहिलं.
आभाळ कोरडं, निळं, रिकामं.
वळून विचारलं तर
मामा विझलेली बिडी पुन्हा पेटवत होते.
"काही नाही.
मला वाटलं, ओरडलं."